पिंजऱ्यातल्या धातूला काय म्हणावं?

सांगलीच्या विश्रामबागेतून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: कार्बनच्या किंवा धातूच्या पिंजऱ्यात असलेल्या अणूला ‘एंडोहेड्रल’ म्हणतात. मराठी टिपणांत त्याला ‘अंतःस्थ’ म्हणावं, ‘केंद्रस्थ’ की ‘बंदिस्त’?

बाई, ‘अंतःस्थ’ टाळा. य, र, ल, व यांच्यासाठी तो शब्द व्याकरणात रुळलेला आहे, मुलांना तो तिथेच भेटतो. ‘केंद्रस्थ’ तर चुकीचाच ठरेल. ब्याऐंशी कार्बनांच्या पिंजऱ्यातला लॅन्थनम मधोमध बसत नाही, भिंतीच्या एका बाजूला सरकून असतो.

‘बंदिस्त’वर मात्र थांबून विचार करायला हवा. साठ कार्बनांच्या फुलरीनमधल्या, म्हणजे कार्बनच्या पोकळ पिंजऱ्यातल्या, हेलियमला तो शोभतो, कारण हेलियम भिंतीशी बंध जोडत नाही, नुसता आत असतो. धातूचं तसं नसतं. लॅन्थनम आपले तीन इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देतो, म्हणजे भिंत आणि आतला अणू यांच्यात खरी देवघेव असते. सोन्याच्या बारा अणूंमधला टंगस्टन त्याहून पुढचा. हा रेणू आधी गणिताने सुचवला गेला आणि त्याच वर्षी, २००२ साली, प्रयोगातही सापडला. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तुम्हाला माहीत असतीलच. हळद उपसली तरी पेव जागेवर राहतं. इथे टंगस्टन काढला तर बारा सोन्यांचा तो पोकळ, वीस पृष्ठांचा आकार उभाच राहत नाही. जो आत राहून घर तोलून धरतो त्याला बंदिवान कसं म्हणायचं? मला ते मनापासून खटकतं.

म्हणून मी ‘कोशस्थ’ सुचवतो: कोशस्थ धातुअणू, कोशस्थ फुलरीन. रेशमाच्या किड्याचा कोश सगळ्यांना ठाऊक आहे, आणि या शब्दात मध्यभागाचा दावा नाही, कैदेचाही नाही. शब्दकोशाशी गोंधळ होईल ही भीती मला वाटत नाही. शेजारी ‘अणू’ आला की अर्थ लागतो.

राहिलं सूत्रातलं ‘@’ चिन्ह. १९९१ पासून ते या रेणूंसाठी वापरात आहे. त्याच्या डावीकडे आतला अणू लिहितात, उजवीकडे पिंजरा, जसं La@C82. वर्गात वाचताना उजवीकडून सुरुवात करा: ‘सी-ब्याऐंशीमधला लॅन्थनम’. आपल्या ‘मधला’ने काम भागतं, ‘ॲट’ म्हणायची गरज नाही.