वाचकांचे प्रश्न : 'पाऊस'ला यमक कुठून आणायचे?

मागील अंकात आम्ही कविता आणि गीतलेखनाविषयी प्रश्न मागवले होते. नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे यमकाविषयीच होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि आमच्या गटासाठी गाणी लिहिते. 'अंगणात आला पाऊस, आता नको दूर जाऊस' असा मुखडा लिहिला आणि तो सर्वांना आवडला; परंतु तीन अंतऱ्यांच्या शेवटी पुन्हा 'पाऊस'शी जुळणारे शब्द हवेत आणि 'गाऊस', 'खाऊस' यांपलीकडे काहीच सुचत नाही. 'पाऊस' या शब्दाला मराठीत यमकच नाही का? (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : यमक आहे, आणि भरपूर आहे. तुमची अडचण अशी झाली की मुखड्यातल्या 'जाऊस'मुळे तुमचा कान 'आऊस' या आवाजाला बांधला गेला. 'आऊस'ने संपणारे बहुतेक मराठी शब्द 'नको'च्या सोबतीने येणारी क्रियापदे आहेत, आणि तेवढ्यांवर विसंबून राहिलात तर प्रत्येक अंतरा कुणाला तरी काहीतरी करू नकोस म्हणूनच संपेल. कानाला 'आऊस' इतके लागत नाही. शेवटचा स्वर आणि त्यानंतरचे व्यंजन एवढे जुळले की पुरते. म्हणून फक्त 'ऊस' धरा आणि पुन्हा ऐका : माणूस, कापूस, मूस, फूस, धुसफूस, विचारपूस, आणि खुद्द ऊस. त्यात 'माणूस' आणि 'कापूस' यांचे वजनही 'पाऊस'इतकेच, म्हणजे पाच मात्रांचे आहे (मात्रा हे उच्चाराचे माप : ऱ्हस्व म्हणजे लघू अक्षराची एक, दीर्घ म्हणजे गुरू अक्षराची दोन), त्यामुळे चालीला धक्का न लावता ते त्याच जागी बसतात. विदर्भात राहून पावसाला कापूस आठवू नये याचे मला थोडे वाईट वाटले, पण ते स्वाभाविक आहे. प्रेमाचे गाणे लिहिताना शब्दही त्याच वर्तुळात फिरतात.

तुमच्या मुखड्याच्या दोन्ही ओळी पंधरा-पंधरा मात्रांच्या आहेत. त्याच मापात अंतऱ्यांचे शेवट करून पाहिले, ते असे : 'कुणी करावी विचारपूस', 'धुऱ्यावरी (म्हणजे शेताच्या बांधावर) एकच माणूस', 'बोंडातच भिजला कापूस'. तिसरी ओळ तुमच्या मूळ कल्पनेत बसणार नाही हे मी जाणून आहे, कारण वेचणीच्या दिवसांत येणारा पाऊस हा दुःखाचा पाऊस असतो. तरीही ती मुद्दाम लिहिली, कारण चांगले यमक असेच वागते. ते केवळ ओळ पूर्ण करत नाही, तर आपण न योजलेला एक अर्थ समोर आणून ठेवते, आणि तो स्वीकारायचा की नाही हे मात्र कवीने ठरवायचे असते.

आता दुसरा मार्ग, जो मराठीने आपल्याला फार उदारपणे दिला आहे. आपली नामे विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी रूप बदलतात, आणि रूप बदलले की यमकांचे कुटुंबही बदलते. 'पाऊस'चे 'पावसाचा' करा : कापसाचा, माणसाचा, वारसाचा हे शब्द त्याच्याच मापाचे मिळतात, आणि 'वसाचा' एवढा लांब आवाज जुळवायचा असेल तर दिवसाचा आणि नवसाचा हे दोन शब्द मिळतात. या शेवटच्या दोघांत एक मात्रा कमी आहे, कारण 'पा' गुरू आणि 'दि' किंवा 'न' लघू, म्हणून ओळीत आधी एक मात्रा भरून घ्यावी लागते. 'थेंब आला पावसाचा, शीण सरे हा दिवसाचा' असा मुखडा केला आणि एखाद्या अंतऱ्याच्या शेवटी 'थेंब कुणाच्या नवसाचा' ही ओळ आली, तर आभाळाकडे डोळे लावून बसलेला कोरडवाहू शेतकरी त्या एका शब्दातून गाण्यात येतो. यमक शोधत नसता, तर 'नवस' तुम्हाला कदाचित सुचलाच नसता.

या दोन रूपांपैकी कोणते घ्यावे हे चालीला विचारा. 'पाऊस' शेवटी 'स'वर मिटतो. गाणाऱ्याला 'ऊ'वर थोडे थांबून ओठ आवरते घ्यावे लागतात. 'पावसाचा' मात्र 'आ'वर उघडा राहतो आणि त्यावर सूर हवा तितका लांबवता येतो. मुखड्याच्या शेवटी तुमच्या संगीतकाराने लांब स्वर ठेवला असेल, तर उघड्या स्वराचे यमक घ्या.

आणि पुढच्या वेळी मुखडा पक्का करण्याआधी यमके मोजा. मुखड्याच्या दोन ओळी आणि तीन अंतऱ्यांचे तीन शेवट मिळून पाच शब्द लागतात. सात-आठ हाताशी असतील तरच पुढे जा, म्हणजे त्यांतले निवडता येतील. सुचलेल्या पहिल्या ओळीच्या प्रेमात पडून मग शब्दांसाठी वणवण करणारे अनेक तरुण लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची गाणी दुसऱ्या अंतऱ्यापाशी अडून राहिली.

प्रश्न : निवृत्तीनंतर कविता लिहू लागलो. 'फुटाळ्याकाठी मी फिरतो, बाकावर एकटा बसतो' अशी सुरुवात असलेली, फुटाळा तलावावरची कविता एका नियतकालिकाने 'यमक सदोष' एवढाच शेरा मारून परत केली. दोन्ही ओळी 'तो'ने संपतात, मग दोष कोणता? आणि प्रत्येक ओळीला यमक हवेच का? (महाल, नागपूर)

उत्तर : शेरा बरोबर होता, परंतु कारण न सांगता कविता परत करणे योग्य नव्हते. आपल्या ओळींत जुळलेला 'तो' हा प्रत्यय आहे, आणि तो वर्तमानकाळातल्या हजारो क्रियापदांना लागतो. त्यामुळे तो जुळल्याचा कानाला आनंद होत नाही. परीक्षा सोपी आहे. प्रत्यय झाकून ठेवा आणि उरलेले वाचा. 'फिर' आणि 'बस' उरतात, आणि त्यांच्यात काहीच समान नाही. 'फिरतो'ला 'विरतो', 'शिरतो', 'भिरभिरतो' हे खरे सोबती आहेत, तर 'बसतो'ला 'हसतो', 'फसतो', 'नसतो'; 'दिसतो' मात्र नाही, कारण तिथे 'स'च्या आधीचा स्वर बदलला. आपली पहिली ओळ तशीच ठेवून दुसरी 'पाण्यातला उजेड विरतो' अशी केली तर माप तेच राहते, यमक पक्के होते, आणि फुटाळ्याची संध्याकाळही ओळीत येते. बाक आणि एकटेपण पुढच्या कडव्यात आणता येईल.

हाच नियम विभक्तीच्या प्रत्ययांनाही लागू आहे. 'मनात' आणि 'वाटेत' यांत फक्त 'त' जुळतो. 'मनात' आणि 'घरात' यांत 'आत' जुळतो, जे चालते पण पातळ आहे. 'मनात' आणि 'वनात' यांत शब्दाचा गाभाच जुळतो. गझल लिहिणाऱ्यांना हा भेद फार काटेकोरपणे पाळावा लागतो. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात (दोन ओळींच्या जोडीत), 'मनात आहे' आणि 'वनात आहे' असे घेतले, तर 'नात' हा आवाज बांधला गेला आणि पुढे 'घरात आहे' म्हणता येत नाही. मतल्यातच 'मनात' आणि 'घरात' घेतले, तर पुढची वाट मोकळी राहते. इथे शेवटी जसाच्या तसा येणारा 'आहे' हा रदीफ, त्याआधीचा जुळणारा शब्द हा काफिया, आणि काफियातल्या अचल अक्षराआधीचा न बदलणारा स्वर (इथे 'त'आधीचा 'आ') ही अलामत. अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या आणि २००३ साली नागपुरात अखेरचा श्वास घेतलेल्या सुरेश भटांनी हे नियम 'गझलेची बाराखडी' या पुस्तिकेत नवोदितांसाठी सोप्या मराठीत मांडून ठेवले आहेत. गझल लिहायची नसली तरी ती जरूर वाचा, कारण काफियाची शिस्त लागलेला कान गीतातही चुकत नाही.

प्रत्येक ओळीला यमक मुळीच आवश्यक नाही. आपल्या परंपरेनेच ते ठरवून ठेवले आहे. ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. थोरल्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांपुरतेच असते. त्या मोकळ्या शेवटामुळेच म्हणणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. आपल्या फुटाळ्याच्या कवितेला थोरल्या अभंगाचा साचा मानवेल असे मला वाटते. एकदा करून पाहा.

प्रश्न : मी मूळचा काटोलकडचा. वऱ्हाडीत लिहितो आणि कविसंमेलनांत म्हणतो. 'वावराचा रंग काया, मायची त्याच्यात माया' या ओळींना दाद मिळते. पण एका अंकात त्या छापून आल्या तेव्हा 'काया'चे 'काळा' केलेले होते. बोलीतले यमक चुकीचे मानायचे का? (रेशीमबाग, नागपूर)

उत्तर : आपले यमक निर्दोष आहे, आणि तो बदल करणाऱ्याने आपल्या कवितेची मोडतोड केली आहे. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' उच्चारला जातो. डोळा हा डोया होतो, भोळा हा भोया, जवळ हे जवय. म्हणून बोलीत 'काया' आणि 'माया' हे पूर्ण यमक आहे, आणि प्रमाण मराठीत 'काळा' आणि 'माया' हे यमकच नाही. जो आवाज कवीने ऐकून लिहिला, तोच छापला गेला पाहिजे. मला या गोष्टीची तळमळ यासाठी वाटते की, अशा प्रत्येक दुरुस्तीने बोलीत लिहिणाऱ्या माणसाला सांगितले जाते की तुझा कान चुकीचा आहे, आणि दोन-तीनदा असे झाले की तो लिहिणे सोडतो.

बोलीने आपल्याला प्रमाण भाषेत नसलेली दारे उघडून दिली आहेत, हे लक्षात घ्या. 'ण'चा 'न' होत असल्याने आपले 'पानी' हे 'जवानी'शी जुळते. प्रमाण मराठीतल्या 'पाणी'ला 'राणी', 'वाणी', 'कहाणी' अशा 'ण'च्या शब्दांतच सोबत शोधावी लागते. 'डोया' आणि 'भोया' ही जोडी तर अजून फारशी वापरलेलीही नाही. मात्र दोन पथ्ये पाळा. एका ओळीत 'काया' आणि पुढच्या ओळीत 'डोळा' असे करू नका, कारण ऐकणाऱ्याने मनात धरलेला उच्चार मग डळमळतो. आणि 'मले', 'तुले', 'त्याले' यांना यमक समजू नका. वरच्या उत्तरातली प्रत्ययाची परीक्षा बोलीलाही तितकीच लागू आहे. कविता पाठवताना वरती 'वऱ्हाडी बोली, लेखन उच्चारानुसार, बदल करू नये' असे ठळक लिहा.

प्रश्न : यमकासाठी शब्दकोश वापरावा की मोबाईलवरचे यमक शोधणारे ॲप? (सदर, नागपूर)

उत्तर : शब्दकोश शब्दाच्या पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि आपल्याला शेवटचे अक्षर हवे असते, त्यामुळे यमक शोधायला तो थेट उपयोगी पडत नाही. सापडलेल्या शब्दाचा नेमका अर्थ आणि छटा तपासायला मात्र तो हवाच. दाते-कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड जुन्या वाचनालयात पाहायला मिळाले तर सोडू नका, बोलीतले कितीतरी शब्द त्यात आहेत.

ॲप हे लिहिलेली अक्षरे जुळवते, आणि मराठीत लेखन आणि उच्चार सर्वत्र सारखे नाहीत. 'राजा' आणि 'ताजा' ते आनंदाने जोडून देईल. परंतु 'राजा'तला 'ज' तालव्य, म्हणजे 'जीवन'मधल्यासारखा आहे आणि 'ताजा'तला दंततालव्य, म्हणजे 'जुना'मधल्यासारखा, आणि मोठ्याने म्हणताच फरक कळतो. उलट 'दिन' आणि 'लीन' यांत वेलांटी वेगळी दिसते म्हणून ते वगळेल, जेव्हा गाण्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात. वृत्तबद्ध कवितेत मात्र तिथे सावध राहा, कारण 'दिन' दोन मात्रांचा आणि 'लीन' तीन मात्रांचा.

त्यापेक्षा बाराखडीची जुनी रीत घ्या. समजा 'दुपार' हा शब्द आहे. 'आर' धरा आणि 'क'पासून 'ह'पर्यंत एकेक व्यंजन त्याच्याआधी लावत मोठ्याने म्हणा : खार, गार, घार, चार, ठार, तार, दार, धार, पार, फार, भार, मार, वार, सार, हार. मग त्याच प्रत्येक शब्दाच्या आधी आणखी अक्षरे जोडा, म्हणजे 'गार'मधून थंडगार आणि पगार निघतात, 'धार'मधून आधार आणि अंधार, 'वार'मधून शिवार आणि तलवार. पाच मिनिटांत तीसेक शब्द होतात आणि त्यांतला प्रत्येक शब्द आपल्या तोंडातून गेलेला असतो. ते शेवटच्या आवाजानुसार एका वहीत लिहून ठेवा, एका आवाजाला एक पान. माझ्या वहीत 'आळा'च्या पानावर उन्हाळा, हिवाळा, पावसाळा, उमाळा, गोतावळा असे बरेच काही आहे. त्यातला 'गोतावळा' मी परवाच खोडला, कारण तो 'अळा'च्या पानावर हवा होता, आणि त्याच्या जागी 'जिव्हाळा' लिहिला.