पहिला पगार: वाढवून मागितला तर वाईट दिसेल का?

प्रश्न: ताई, मी यंदाच मेकॅनिकल इंजिनिअर झाले. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कंपनीने डिझाइन विभागात 3 लाख 60 हजारांचं पॅकेज देऊ केलंय. सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मला चांगलं येतं, दोन महिन्यांची इंटर्नशिपही झालीय. एचआरच्या मॅडमनी अपेक्षा विचारली तेव्हा गोंधळून ‘तुम्ही द्याल ते’ म्हणून बसले. आता थोडं जास्त मागावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, पहिलीच नोकरी, पैशांचं काढू नकोस, हातची जाईल. शुक्रवारी उत्तर द्यायचंय, आणि पुढच्या सोमवारी दुसरीकडे मुलाखत आहे. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: अगं, माग की! ‘तुम्ही द्याल ते’ म्हणालीस म्हणून काही बिघडलेलं नाही. सही व्हायची आहे, आणि बोलायची वेळ सहीच्या आधीचीच असते.

बाबांची भीती मला कळते. बडोद्यातली आपली जुनी मराठी घरं बहुतेक नोकरदार. आधी सयाजीरावांच्या संस्थानात, मग विद्यापीठात, रेल्वेत, बँकेत. तिथे वेतनश्रेणी ठरलेली, महागाई भत्ता ठरलेला, वाढीची तारीखसुद्धा ठरलेली. मागायची वेळच कुणावर आली नाही, म्हणून मागणं हा आगाऊपणा वाटतो. खासगी कंपनीत तसं नसतं. मोठ्या कंपन्या कॅम्पसमधून एकदम पन्नास मुलं घेतात तिथे सगळ्यांना एकच आकडा असतो, हे खरं. पण मध्यम कंपनी एकाच जागेसाठी माणूस शोधत असते, तिथे थोडी जागा असते. नीट विचारलं म्हणून दिलेली नोकरी सहसा कोणी काढून घेत नाही; फार तर ‘जमणार नाही’ म्हणतील.

त्याआधी पॅकेजची फोड मागून घे. 3 लाख 60 हजार म्हणजे महिना 30 हजार हातात, असं मुळीच नाही. समज, त्यात 36 हजार वर्षअखेरीच्या कामगिरीवर मिळणारे आहेत. मूळ पगार 15 हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला 21,600, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण 8,650. हे सगळं पॅकेजमध्येच मोजतात. उरलेल्याचे महिन्याला साधारण साडेचोवीस हजार. त्यातून तुझा पीएफ 1,800 आणि गुजरातचा व्यवसाय कर 200 जाणार. हातात येतात साडेबावीस हजार! म्हणून बोलणं पॅकेजवर नको, हातात येणाऱ्या पगारावर कर.

फोन लाव आणि सांग, ‘मॅडम, काम मला आवडलंय, मला यायचंच आहे. सॉलिडवर्क्स येतं, इंटर्नशिपही झालीय, त्यामुळे शिकवण्यात तुमचा फार वेळ जाणार नाही. हातात 25 हजार मिळतील असं करता येईल का?’ एवढं बोलून गप्प बस. ‘नसेल जमत तरी चालेल’ हे शेपूट जोडू नकोस. आपण मुली हे फार करतो. समोरून दोन क्षण शांतता असली तरी असू दे. घरच्या अडचणी सांगू नकोस, आणि दुसरीकडची ऑफर हातात असल्याची थाप तर अजिबात मारू नकोस.

नाहीच म्हणाल्या, तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल एवढं पत्रात लिहून माग. कंपनीची बस तुमच्या बाजूला येते का तेही विचार. येत असेल तर महिन्याचं पेट्रोल वाचलं. मग साडेबावीसवर जायचं की नाही हे तू ठरव. डिझाइनचं काम खरंच शिकायला मिळणार असेल, तर मी जाईन म्हणेन.

बाँड, म्हणजे मधेच नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, असेल तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा, ते वाचल्याशिवाय सही नको. मूळ मार्कशीट मात्र कुणी कितीही गोड बोललं तरी जमा करायची नाही, झेरॉक्स द्यायची. बाबांना ही फोड कागदावर मांडून दाखव. साडेबावीसचा आकडा पाहिला की तेही विचार करतील. आणि ठरलेला पगार लिहिलेलं ऑफर लेटर ईमेलवर येईपर्यंत सोमवारची मुलाखत रद्द करू नकोस.