न मागितलेल्या कार्डाचे बिल आणि इतर प्रश्न

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. माझे निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते, तेथील एका कर्मचाऱ्याने दीड वर्षापूर्वी मला ‘आजीवन मोफत’ क्रेडिट कार्डाची माहिती दिली. मी ‘पाहू’ एवढेच म्हणालो. काही दिवसांनी कार्ड टपालाने घरी आले. मी ते पाकिटासह कपाटात ठेवले, एकदाही वापरले नाही आणि त्याचा पिनही तयार केला नाही. आता वार्षिक शुल्क, त्यावरची लेट फी, व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे 7,000 रुपयांची थकबाकी दाखवली जात आहे. वसुली एजंट फोन करून ‘निम्मे भरा, प्रकरण मिटवून टाकू’ असे सांगतात. कटकट नको म्हणून भरून टाकावे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : भरू नये. निम्मी रक्कम घेऊन मिटवलेले खाते पतमाहिती कंपन्यांच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या, सिबिलसारख्या कंपन्यांच्या) अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते आणि उद्या मुलाच्या किंवा नातवाच्या कर्जाला जामीन राहायची वेळ आली, तर हीच नोंद आडवी येऊ शकते. शिवाय जे देणे मुळात लागतच नाही, त्यावर तडजोड केली की ते देणे मान्य केल्यासारखे होते.

पहिली गोष्ट ही आठवून पाहावी, की आपण एखाद्या अर्जावर सही केली होती का, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी त्या कर्मचाऱ्याला सांगितला होता का. दोन्ही केले नसेल, तर आपली बाजू अतिशय भक्कम आहे, कारण ‘पाहू’ म्हणणे ही संमती होत नाही. क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये निर्देश काढले आणि ते त्याच वर्षी 1 जुलैपासून लागू झाले. त्यांनुसार ग्राहकाने न मागितलेले कार्ड देण्यास मनाई आहे. असे कार्ड संमतीविना देऊन, सुरू करून बिल आकारले, तर बँकेने ते शुल्क तत्काळ रद्द करायचे असतेच, शिवाय रद्द केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला, कोणतीही खळखळ न करता, द्यायचा असतो. म्हणजे आपल्याकडे 7,000 रुपये मागणाऱ्या बँकच आपल्याला 14,000 रुपये देणे लागते, असा दावा आपण करू शकता. ‘दुप्पट’ हा शब्द पत्रात आला की बोलण्याचा सूर बदलतो, असा या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून माझा अनुभव आहे.

सही केलेली असली, तरीही सारे संपत नाही. कार्ड दिल्यापासून 30 दिवसांहून अधिक काळ ग्राहकाने ते सुरू केले नाही, तर ते सुरू करण्यासाठी बँकेने ओटीपीद्वारे त्याची संमती घ्यायची असते आणि ती मिळाली नाही, तर विचारणा केल्यापासून सात कामाच्या दिवसांत ते खाते कोणताही खर्च न लावता बंद करायचे असते. आपले कार्ड दीड वर्ष पाकिटात पडून आहे. तेव्हा ही विचारणा कधी केली, संमती कोणत्या तारखेला आणि कोणत्या मोबाइल क्रमांकावरून मिळाली, याची नोंद दाखवण्याची जबाबदारी बँकेवर येते. कार्ड सुरू होण्यापूर्वी त्या खात्याची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे पाठवण्यासही मनाई आहे, त्यामुळे आपला पतअहवाल एकदा मागवून पाहावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो.

बँकेशी यापुढे तोंडी बोलू नये. शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी, तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेलने पाठवावा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. मजकूर लहान असावा, कारण लांबलचक पत्रात मुख्य मागणी हरवते आणि उत्तर देणारा नेमक्या सोयीच्या वाक्याला उत्तर देतो. साधारण असा मजकूर पुरेसा होईल : ‘वरील क्रमांकाचे कार्ड मी मागितलेले नाही, सुरू केलेले नाही आणि वापरलेले नाही. माझ्या संमतीची नोंद आपल्याकडे असल्यास तिची प्रत, तारीख आणि वेळ यांसह द्यावी. नसल्यास आजवर आकारलेले सर्व शुल्क, लेट फी, व्याज व त्यांवरील जीएसटी रद्द करावा, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार रद्द केलेल्या रकमेच्या दुप्पट रक्कम माझ्या बचत खात्यात जमा करावी, कार्ड बंद करावे आणि पतमाहिती कंपन्यांकडे काही नोंद पाठवली असल्यास ती मागे घ्यावी.’ जीएसटीचा उल्लेख विसरू नये. शुल्क परत केले जाते, पण त्यावरचा 18 टक्के कर तसाच राहतो, हे बऱ्याचदा घडते.

बिलावर हरकत घेतल्यास बँकेने जास्तीत जास्त 30 दिवसांत स्पष्टीकरण आणि आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. तेवढ्यात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते. 2021 पासून बँका, बिगर-बँक वित्तीय कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांसाठी एकच एकात्मिक लोकपाल व्यवस्था आहे, त्यामुळे आपला विषय कोणत्या कार्यालयाकडे, ही शोधाशोध आता करावी लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदवता येते किंवा तिच्या चंदीगडच्या तक्रार केंद्राकडे टपालाने पाठवता येते. तिला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसेल, तर लोकपाल तक्रार दाखल करून घेत नाही. शिक्क्याच्या प्रतीचा आग्रह मी धरतो, तो यासाठीच.

राहिले एजंटांचे फोन. सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीच्या वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. ‘रकमेबाबत वाद आहे, तक्रार क्रमांक अमुक’ एवढे सांगून फोन ठेवावा. वेळ मोडणाऱ्या फोनची नोंद तारखेसह ठेवून तीही तक्रारीला जोडावी.

प्रश्न : माझे 40,000 रुपयांचे बिल होते. मी 38,000 वेळेवर भरले आणि उरलेले 2,000 देय तारखेनंतर दोन दिवसांनी भरले. पुढच्या बिलात 950 रुपये लेट फी, त्यावर 171 रुपये जीएसटी आणि वेगळे व्याज लागले आहे. हे सर्व परत मिळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लेट फी आणि तिच्यावरचा जीएसटी, म्हणजे 1,121 रुपये, परत मागावेत. देय तारखेनंतर थकबाकी तीन दिवसांहून अधिक काळ राहिली, तरच लेट फी लावता येते आणि पतमाहिती कंपनीला थकबाकी कळवता येते. आपण दोनच दिवस उशीर केला. तो चार दिवसांचा असता, तरी लेट फी देय तारखेनंतर शिल्लक राहिलेल्या 2,000 रुपयांवर आकारायची असते, मूळ 40,000 वर नव्हे. आपल्याला लागलेली 950 ही रक्कम बँकेच्या दरपत्रकातील कोणत्या टप्प्याची आहे, ते अवश्य तपासावे. ती मोठ्या रकमेच्या टप्प्याची असेल, तर बँकेने दोन नियम एकाच वेळी मोडले आहेत.

व्याजाबाबत मात्र मी आपल्याला आशा दाखवणार नाही. मागील बिलातील काहीही शिल्लक राहिले, की बिनव्याजी मुदत संपते, आणि ही सवलत तीन दिवसांच्या नियमात येत नाही. भरलेली रक्कम वजा करून उरलेल्या थकबाकीवरच व्याज आकारले आहे का, एवढे तपासावे. पूर्ण 40,000 वर आकारले असल्यास हिशेब मागावा. दर फार आहे, हा मुद्दा लोकपालापुढे किंवा न्यायालयात टिकण्याची शक्यता कमी आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये क्रेडिट कार्डांच्या थकबाकीवर वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो आदेश रद्द केला. वैयक्तिक मत विचाराल, तर 40 टक्क्यांच्या घरातले व्याज मला अवाजवीच वाटते. परंतु अवाजवी आणि बेकायदा यांची गल्लत केलेल्या अर्जात खरा, जिंकता येण्याजोगा मुद्दाही बुडतो. म्हणून 1,121 रुपयांचा अर्ज वेगळा करावा आणि व्याजाचा हिशेब मागणारा अर्ज वेगळा.

प्रश्न : सर्व रक्कम भरून मी कार्ड बंद करण्याचा ई-मेल पाठवला. बँकेने पुष्कळ दिवस काही केले नाही, मध्येच वार्षिक शुल्क लावले आणि मग कार्ड बंद केले. हे शुल्क मी भरले आहे. आता काही करता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : येईल, आणि मागणी केवळ शुल्कापुरती ठेवू नये. देणे बाकी नसेल, तर बंद करण्याची विनंती सात कामाच्या दिवसांत पूर्ण करायची असते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो आणि हे दिवस सुट्ट्या न वगळता मोजायचे असतात. समजा, मुदत संपल्यानंतर कार्ड बंद होण्यास 20 दिवस लागले, तर 10,000 रुपये होतात. ‘आपल्या खात्यावर शुल्क बाकी होते, म्हणून कार्ड बंद करता आले नाही’ असे उत्तर येण्याची शक्यता आहे. पण ते शुल्क बँकेने मुदत उलटल्यावर लावले असेल, तर स्वतःच्याच विलंबातून निर्माण झालेली बाकी बँक कारण म्हणून पुढे करू शकत नाही. ई-मेल पाठवल्याची तारीख आणि त्या दिवशीची शून्य बाकी दाखवणारे स्टेटमेंट, हे दोन कागद जोडावेत.

वेळेचे भान ठेवावे. बँकेचे उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे लागते. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात दाखल शुल्क लागत नाही. एकाच विषयावर दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, म्हणून आपल्यासारख्या, कागदांवरून सरळ सिद्ध होणाऱ्या प्रकरणात आधी लोकपालाकडे जावे आणि तेथील निर्णयाची वाट पाहताना दोन वर्षांची मुदत उलटून जाणार नाही, एवढे पाहावे.