जुन्या फोनला एकच काम द्या

तुम्ही लिहिलंय की २०१७ सालचा अँड्रॉइड फोन घरात पडून आहे, स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा गेलाय, बॅटरी जेमतेम दोन तास टिकते आणि दुकानदार तीनशे रुपये देतो म्हणतो. विकू की काही उपयोग होईल?

विकू नका. पण आधी फोन टेबलावर उताणा ठेवून डुलतोय का ते बघा. मागचं झाकण फुगलं असेल किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल तर बॅटरी फुगली आहे. तसा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही. तो सरळ ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.

फोन धड असेल तर त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, गूगल खात्यातून बाहेर पडा आणि मगच रीसेट करा. हा क्रम चुकला तर फोन नंतर जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. बँकेचं आणि यूपीआयचं ॲप त्यावर पुन्हा टाकू नका. इतक्या जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं केव्हाच बंद झालेलं असतं.

आता आमच्याकडचं सांगते. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. सासरे गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांच्या वह्या निघाल्या. आजेसासरे बडोदे संस्थानात मास्तर होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यानंतर गावोगाव निघालेल्या शाळांपैकी एका शाळेत. वह्यांत हिशोब मोडी लिपीत, टिपणं बाळबोधीत म्हणजे देवनागरीत आणि मुलांची नावं गुजरातीत. कागद इतके जीर्ण की घडी उलगडली की तिथेच तुटत. स्कॅनरच्या काचेवर पालथे घालून दाबण्याची माझी हिंमत होईना.

तेव्हा माझा जुना फोन बाहेर काढला. दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर एक लांब पाट आडवा टाकला. फोन पाटावर असा ठेवला की कॅमेऱ्याचा भाग कडेबाहेर येईल, आणि दुसऱ्या बाजूवर वरवंटा, म्हणजे हलायला नको. खाली जमिनीवर काळा कागद आणि त्यावर वहीचं पान. काळा कागद महत्त्वाचा, कारण पातळ पानामागची शाई त्यामुळे फोटोत कमी उमटते. उजेड सकाळचा, गॅलरीच्या दारातून येणारा, पण थेट ऊन नाही. फ्लॅश कायम बंद. फोटो काढायला इअरफोनच्या वायरवरचं आवाजाचं बटण दाबायचं, म्हणजे फोनला हातच लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हे चालतं. फोन विमान मोडवर ठेवला होता, त्यामुळे मध्येच काही वाजलं नाही.

कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल तर पुरे आहे. ए-४ पान चौकटभर बसवलं की इंचाला ३०० बिंदूंहून जास्त मिळतात, आणि छापायलाही तेवढे लागतात. पाच रविवारांत सगळ्या वह्या झाल्या.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी वहीतलं बारीक अक्षर त्यांना लागत नव्हतं. आता त्याच फोनवर पान दोन बोटांनी मोठं करून त्या वाचतात. पहिल्या दिवशी एका पानाच्या तळाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही मामंजींची सही. लग्नानंतर पहिलं पत्र आलं होतं त्यावर अशीच होती." नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. तो फोन आता त्यांचाच झाला आहे.

दुसरा फोन मावशीकडे आहे, बडोद्यातच समा भागात, तोही फक्त रेडिओसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा तिच्याकडे वीज गेली आणि नेटही चालेना. जुन्या फोनमध्ये एफएम असेल तर त्याला ना सिम लागतं ना इंटरनेट. वायरचा इअरफोन खोचला की तीच वायर अँटेनाचं काम करते. बातम्या तिला तिथूनच कळत होत्या. तेव्हापासून ती पावसाळ्यात दर रविवारी तो चार्ज करून ठेवते.

सीसीटीव्ही करा असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. होतो, पण मला तो पटत नाही. जुनी बॅटरी रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवली की तापते, आणि फुगते ती याच कारणाने. करायचाच असेल तर कोणी घरात असतानाच करा, गादी-पडद्यांपासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला मागचं झाकण बघत जा.

तुमच्या फोनचा तडा स्क्रीनला आहे, कॅमेऱ्याच्या काचेला नाही, असं गृहीत धरते. घरात एखादी जुनी वही, पत्रिका किंवा आईच्या हातची पाककृतींची चिठ्ठी असेलच. तिचा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि मोठा करून बघा. अक्षर स्वच्छ दिसलं तर त्या फोनचं काम ठरलं. वायरच्या इअरफोनचं भोक आहे का तेवढं कळवा, म्हणजे रेडिओचं पुढे सांगते.