तीन धरून की तीन सोडून? जपानी-कोरियन वळणाच्या इंग्रजीविषयी वाचकांच्या शंका

परदेशी पत्रव्यवहाराच्या भाषेविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सोलापुरातून आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हापुन्हा होती. जपान आणि कोरियातून येणारी पत्रे, कायद्यांची भाषांतरे, यंत्रांची पुस्तके इंग्रजीत असतात, शब्द सगळे ओळखीचे असतात, पण अर्थ लागत नाही. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या जपानी ग्राहकाच्या तपासणी-पत्रकात ‘मिसिंग पिक थ्री अबव्ह, रिजेक्ट’ आणि ‘वेट शॉर्टेज फाइव्ह पर्सेंट बिलो, ओके’ असे आहे. आडवा धागा सुटल्याचे (मिसिंग पिक) नेमके तीन दोष असलेला टॉवेल पास की नापास? तूट बरोबर पाच टक्के भरली तर?
(निर्यात विभागातील कर्मचारी, अक्कलकोट रोड)

तीन दोषांचा टॉवेल बहुधा नापास आणि पाच टक्के तूट बहुधा पास. पण ‘बहुधा’वर माल पाठवू नका.

जपानीत मर्यादा सांगायला चार पक्के शब्द आहेत. ‘इजो’ म्हणजे तो आकडा धरून वर. ‘इका’ म्हणजे तो आकडा धरून खाली. ‘कोएरु’ म्हणजे आकडा सोडून वर आणि ‘मिमान’ म्हणजे आकडा सोडून खाली. कोरियनमध्ये हेच चार इसांग, इहा, छोग्वा आणि मिमान. शेवटचा तर उच्चारानेही एकच, कारण दोन्ही भाषांनी तो चिनी अक्षरांवरून घेतला. मूळ भाषेत गोंधळाला जागाच नाही. इंग्रजी करताना मात्र ‘इजो’ आणि ‘कोएरु’ या दोघांनाही ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’ लावले जाते, ‘इका’ आणि ‘मिमान’ या दोघांनाही ‘बिलो’ किंवा ‘अंडर’. आकडा धरायचा की सोडायचा, ही नेमकी हवी असलेली माहिती तिथेच गळते.

५०० ग्रॅमचा टॉवेल घ्या. पाच टक्के तूट म्हणजे ४७५ ग्रॅम. मूळ शब्द ‘इका’ असेल तर ४७५चा टॉवेल चालतो. ‘मिमान’ असेल तर तोच टॉवेल बाजूला काढावा लागतो. वजनकाट्यावर काही बदललेले नसते, फरक फक्त शब्दाचा.

म्हणून मूळ जपानी पत्रक मागून घ्या. ते त्यांच्याकडे असतेच, आणि ही चार चिन्हे ओळखायला एक दुपार पुरते. दुसरे असे, की ‘प्लीज क्लॅरिफाय’ असे लिहून पाठवू नका; तेच वाक्य परत येईल. आकडे मांडून विचारा : दोष २, पास. दोष ३, नापास. तूट ५.० टक्के, पास. तूट ५.१ टक्के, नापास. बरोबर का? अशा प्रश्नाला समोरच्याला हो किंवा नाही एवढेच म्हणावे लागते. हे उत्तर माग चढवण्याआधी ऑर्डरच्या कागदाला जोडा, माल बांधून झाल्यावर नव्हे. टक्केवारी किती दशांशांपर्यंत मोजायची तेही त्यातच लिहा, नाहीतर ५.०४ वर पुन्हा वाद.

जाता जाता ‘इनाइ’ हा शब्दही टिपून ठेवा. ‘च्या आत’, पण तो आकडा धरून. जपानमधल्या इमाबारी या टॉवेलच्या गावाची कसोटी प्रसिद्ध आहे : पाण्यावर ठेवलेला टॉवेलचा तुकडा पाच सेकंदांच्या आत बुडू लागला पाहिजे. पाचव्या सेकंदाला बुडू लागला तरी तो उत्तीर्ण.

प्रश्न : ग्राहकाने ‘क्लेम’ आहे असे कळवले. लगेच भरपाईचा विचार करायचा का?

थांबा. जपानीत ‘कुरेमु’ हा शब्द इंग्रजी ‘क्लेम’वरूनच आला, पण तिथे तो रोजच्या वापरात ‘तक्रार’ या अर्थाने रुळला. जपानी माणूस इंग्रजी लिहिताना तोच शब्द परत इंग्रजीत टाकतो. पत्रात रक्कम, डेबिट नोट किंवा कराराचे कलम नसेल तर ती आधी तक्रार समजा : काय बिघडले, किती नगांत, कोणत्या लॉटमध्ये, फोटो आहे का, हे विचारा. ‘कॉस्ट डाउन’ हाही तिथलाच शब्द. त्याचा अर्थ भाव कमी करा, एवढाच. कोरियन पत्रात एखादी वस्तू ‘सर्व्हिस’ म्हणून मागितली असेल तर ती त्यांना फुकट हवी आहे.

प्रश्न : कोरियन संस्थेच्या पत्राची सुरुवात ‘तुमच्या संस्थेच्या अनंत विकासाची कामना करतो’ अशी आणि शेवट नुसता ‘एन्ड’. जपानी पत्र ‘दॅट इज ऑल’ म्हणून संपते. हा तुटकपणा रागाचा तर नाही?
(व्यापारी, नवी पेठ)

अजिबात नाही. कोरियन कार्यालयीन पत्राच्या मजकुराअखेर ‘क्कुत’, म्हणजे ‘समाप्त’, लिहिण्याचा नियमच आहे. त्यापुढे कोणी काही घुसडू नये म्हणून ती खूण. आपण रकमेपुढे ‘फक्त’ लिहितो तसेच हे. अनंत विकासाची कामना हेही ठरलेले वाक्य, आपल्या ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’सारखे. त्याला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही.

जपानी पत्राच्या शेवटी येतो तो ‘इजो’. वर पाहिलेला, तोच. ‘येथवर’ असा त्याचा भाव. भाषांतरकार त्याचे ‘दॅट इज ऑल’ करतो आणि इंग्रजीत ते ‘बस्स, एवढेच’ असे ऐकू येते.

सोलापूरच्या वाचकाला एक गोष्ट आवडेल. जपानी कार्यालयीन पत्र ‘ह्योकी नो केन’ या शब्दांनी सुरू होते. इंग्रजीत त्याचे ‘रिगार्डिंग द मॅटर इन द टायटल’ असे काहीतरी ओबडधोबड होते. आपल्या जिल्हा परिषदेतल्या कोणत्याही लिपिकाला विचारा, तो क्षणात सांगेल : ‘विषयांकित बाबतीत’. इंग्रजीत जे अवघडून बसते ते मराठीत आपल्या जागी बसते. असे का होते ते पुढे यंत्राच्या प्रश्नात पाहू.

सावध राहायचे ते नकाराच्या बाबतीत. ‘वी विल कन्सिडर पॉझिटिव्हली’ किंवा ‘इट इज अ लिटल डिफिकल्ट’ असे उत्तर आले तर होकाराची वाट पाहत कच्चा माल भरू नका. दुसरे वाक्य तर सरळ नकार आहे. पहिले आपल्या ‘बघू’सारखे, तारीख दिली असेल तरच त्यात दम.

प्रश्न : जपानी कायद्यांची इंग्रजी भाषांतरे वाचताना ‘एट्सेट्रा’चा मारा आणि ‘ऑर’मागून ‘ऑर’ येतात. कायद्यात इतका ढिसाळपणा कसा?
(विधी शाखेची विद्यार्थिनी)

ढिसाळपणा मुळात नाही, उलट मूळ मजकूर फार काटेकोर आहे. जपानी कायद्यात ‘किंवा’ दोन पायऱ्यांचा असतो. मोठ्या गटांमध्ये ‘मातावा’, त्या गटाच्या पोटातल्या पर्यायांमध्ये ‘मोशिकुवा’. सुती मोशिकुवा लोकरी टॉवेल मातावा ब्लँकेट असे लिहिले, की अर्थ एकच : टॉवेल सुती किंवा लोकरी हवा, ब्लँकेट मात्र कशाचेही चालेल. इंग्रजीत हे ‘कॉटन ऑर वूलन टॉवेल्स ऑर ब्लँकेट्स’ झाले आणि ब्लँकेटही सुती-लोकरीच हवे का, हा प्रश्न उभा राहिला. ‘आणि’च्याही तिथे अशाच दोन पायऱ्या आहेत.

मराठीत ‘किंवा’, ‘अथवा’, ‘वा’ असे तीन शब्द असूनही आपण त्यांची पायरी ठरवलेली नाही. त्यामुळे मराठी करताना शब्दांवर विसंबू नका. (अ) आणि (आ) पाडा, पोटपर्याय आत ठेवा.

‘एट्सेट्रा’ हा जपानी ‘तो’ आणि कोरियन ‘दुंग’. कायद्याच्या नावात तो आला तर ‘नावात लिहिले त्याखेरीजही काही बाबी या कायद्यात आहेत’ एवढीच ती सूचना. कलमात आला तर त्यात काय मोडते ते बहुधा व्याख्यांच्या कलमात दिलेले असते. आधी तिथे जा. मराठीत ‘इत्यादी’ऐवजी ‘व संबंधित बाबी’ बरे.

मुदतीचे तीन शब्द मात्र पाठच करा. ‘तादाचिनी’ सर्वांत तातडीचा, ‘सुमियाकानी’ त्याखालचा, ‘चिताइ नाकु’ तिघांत सौम्य, कारण सबळ कारण असेल तर थोडा उशीर त्यात खपतो. इंग्रजीत ते अनुक्रमे ‘इमिजिएटली’, ‘प्रॉम्प्टली’, ‘विदाउट डिले’ होतात. आपण ‘विदाउट डिले’चे ‘विनाविलंब’ करतो, आणि मराठी कानाला तेच सर्वांत कडक वाटते. म्हणजे क्रमच उलटला.

जपानच्या न्याय मंत्रालयाने अशा संज्ञांचा प्रमाणकोश केला आहे आणि २००९पासून भाषांतरे संकेतस्थळावर ठेवली आहेत. तरीही कायदेशीर बळ फक्त मूळ जपानी मजकुराला आहे. कोरियातही तसेच. प्रबंधात इंग्रजी उतारा दिलात तर मूळ कलमाचा क्रमांक शेजारी हवाच.

प्रश्न : जपानी एअरजेट मागाच्या पुस्तकात असे वाक्य आहे : ‘आफ्टर कन्फर्मिंग स्टॉप, रिमूव्ह कव्हर. इन केस ऑफ नॉट स्टॉपिंग, इट बिकम्स कॉज ऑफ इंज्युरी.’ कामगारांसाठी मराठी पाटी लावायची आहे.
(कारखान्याचे पर्यवेक्षक)

या वाक्यावर थोडे थांबू, कारण सगळ्या दुखण्याचे मूळ त्यात दिसते. जपानी आणि कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येते, कर्ता उघड असेल तर गाळला जातो, आणि एकामागून एक क्रिया आपल्या ‘-ऊन’सारख्या प्रत्ययाने जोडल्या जातात. ‘काल आलेला माणूस’ असे विशेषण नामाआधी लावण्याची रीतही आपल्यासारखीच. इंग्रजीला यातले काही मानवत नाही. आज्ञा सोडली तर तिला प्रत्येक वाक्यात कर्ता लागतो. मुळात तो नाही, म्हणून भाषांतरकार ‘इट’ घालतो किंवा क्रियेचे नाम करून सुटतो. ‘कन्फर्मिंग’, ‘स्टॉपिंग’ ही नामे अशी आली.

म्हणून अशा इंग्रजीचा अर्थ इंग्रजीत शोधू नका. शब्द उचला आणि मराठी वाक्यात उलट्या क्रमाने ठेवून पाहा. थांबणे, खात्री करून, झाकण, काढा. ‘माग थांबल्याची खात्री करूनच झाकण काढा.’ मग दोन प्रश्न : काय थांबले? कोणाला इजा? पहिल्याचे उत्तर चित्रात शोधा. माग थांबणे आणि मुख्य स्विच बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातला ‘स्टॉप’ यातला कोणता हे कळल्याशिवाय पाटी रंगवायला देऊ नका. चित्रात मुख्य स्विच दाखवला असेल तर पाटी अशी : ‘मुख्य स्विच बंद करा. माग पूर्ण थांबू द्या. मगच झाकण काढा. चालू मागात हात गेल्यास जखम होईल.’ एका ओळीत एकच काम.

‘डेंजर’, ‘वॉर्निंग’, ‘कॉशन’ यांना सरसकट ‘सावधान’ लिहू नका. ‘डेंजर’मध्ये मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असते, ‘वॉर्निंग’मध्ये होऊ शकते, ‘कॉशन’ किरकोळ ते मध्यम इजेसाठी. ‘धोका’, ‘इशारा’, ‘काळजी घ्या’ असे तीन शब्द ठरवा आणि कारखानाभर तेच ठेवा. पाट्या तेलुगू आणि कन्नडमध्येही लावणार असाल तर तिथेही तीनच. त्या भाषांची वाक्यरचनाही आपल्यासारखीच, तेव्हा भाषांतर इंग्रजीवरून न करता पक्क्या केलेल्या मराठीवरून करा.

प्रश्न : इतक्या प्रगत देशांत पाट्यांवर हास्यास्पद इंग्रजी कसे येते? सोलापुरात तसे होऊ नये म्हणून काय करावे?

कोरियात ‘युख्वे’ म्हणजे कच्च्या गोमांसाचा पदार्थ. काही खाद्ययादींत तो ‘सिक्स टाइम्स’ झाला, कारण ‘युक’ म्हणजे सहा आणि ‘ह्वे’ म्हणजे वेळा, अशीही त्याची फोड होते. ‘गोमथांग’मधला ‘गोम’ शिजवण्याचा, पण अस्वलालाही गोमच म्हणतात. झाले अस्वलाचे सूप. चिनी अक्षरे जाऊन फक्त हंगुल ही कोरियन लिपी उरली, तेव्हा असे समलेखी शब्द यंत्राला वेगळे ओळखू येईनात. जपानमध्ये अक्षरे टिकली तरी एका अक्षराचे अर्थ अनेक. २०१९ साली ओसाकाच्या मेट्रोच्या संकेतस्थळावर साकाइसुजी मार्गाचे ‘साकाइ मसल’ झाले. ‘सुजी’ म्हणजे सरळ जाणारा रस्ता, आणि स्नायूही.

आपला सात रस्ता आणि बाळीवेस यंत्राच्या हाती दिले तर हेच होणार. म्हणून आधी सगळ्या विशेषनामांची यादी करा, त्यांचे रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा, आणि ती भाषांतराच्या बाहेर ठेवा. कोरियाने २००० साली स्पेलिंगचे नियम बदलले आणि पुसानचे बुसान झाले. जुन्या-नव्या पाट्या बराच काळ शेजारी राहिल्या. छापण्याआधी इंग्रजी पाटी मूळ मराठी न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि काय समजले ते विचारा. ‘हानगांग रिव्हर’सारखी द्विरुक्ती मात्र चूक समजू नका. ‘गांग’ म्हणजे नदीच, पण नाव अखंड ठेवायचे असे त्यांनी ठरवले आहे. आपणही विंध्याचल पर्वत म्हणतोच.

प्रश्न : तक्त्यांतले आकडे आणि वर्षे?

तिथे दहा हजार (मान) आणि दहा कोटी (ओकु, कोरियनमध्ये ओक) ही एकके आहेत. तक्त्यावर ‘युनिट : हंड्रेड मिलियन येन’ असेल तर ३.५ म्हणजे ३५ कोटी येन. ‘युनिट : टेन थाउजंड’ असेल तर २५० म्हणजे २५ लाख. ‘रेइवा’ या सध्याच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेल्या वर्षात २०१८ मिळवा : रेइवा ७ म्हणजे २०२५. जपानचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च, पण नाव सुरुवातीच्या वर्षाचे. त्यांचे ‘एफवाय २०२५’ मार्च २०२६ला संपते आणि आपल्याकडचे अनेक हिशेबनीस त्यालाच ‘एफवाय २६’ म्हणतात. कोरियाचे सरकारी वर्ष जानेवारी ते डिसेंबर. पत्रात ‘एफवाय’ दिसले की शेजारी पेन्सिलीने पहिला आणि शेवटचा महिना लिहून ठेवा.