गरब्याच्या बँडमध्ये सोलो बुडतो : ओव्हरड्राइव्ह घेऊ की बूस्टर?

तुमचा गिटारचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा आहे, क्लीनवर (म्हणजे आवाज न फाडता) वाजवता आणि ढोल-ऑक्टोपॅड सुरू झाले की सोलो ऐकूच येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज थोडा फाडणारा, पायानं दाबायचा पेडल) घ्या. ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचा एसडी-१ (१९८१ पासून बाजारात आहे, दणकट) चालेल. हे पेडल खालचा बेस कापतात आणि मधल्या कंपनसंख्यांचा पट्टा पुढे काढतात. ट्यूब स्क्रीमरमध्ये तो साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास. घरी एकट्यानं वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, वैतागू नका. बँडमध्ये तोच नाकातला आवाज गर्दीतून वाट काढतो.

मीही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीत बसून ड्राइव्ह (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) पूर्ण फिरवायचो आणि खूश व्हायचो. स्टेजवर नुसता भुसा! आता ड्राइव्हचं बटण घड्याळासारखं जेमतेम नऊच्या काट्यावर, लेव्हलचं (आवाज किती मोठा ते) तीनच्या. मजा लेव्हलमध्येच आहे.

साधा बूस्टर (नुसता सिग्नल वाढवणारा पेडल) नंतर बघा. तो डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलच्या, आधी लावला तर आवाज फारसा वाढत नाही, फक्त घाण वाढते; सोलोला उचल हवी तर डिस्टॉर्शनच्या नंतर लावा.

आणि हो, ॲडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला. घरातला कुठलाही खुपसू नका. माझा एक पेडल असाच गेला, तोही नवरात्रीच्या आदल्या रात्री.