पोट बिघडले तेव्हा अँटिबॉडी कुठे होत्या?

पावसाळी जुलाबांवरच्या लेखात मी एक वाक्य लिहून गेलो होतो : आतड्यात शिरलेले काही जिवाणू विष सोडतात आणि शरीर त्या विषाविरुद्धही अँटिबॉडी, म्हणजे त्याला चिकटून निकामी करणारी प्रथिने, तयार करते. बाकीचा लेख बाजूला राहिला, पत्रे आली ती या एका वाक्यावर. त्यातली काही घेतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो. सुट्टीत घरी आला की चार दिवसांत त्याचे पोट बिघडते. आम्हीही तेच खातो-पितो, आम्हाला काही होत नाही. त्याची प्रतिकारशक्ती कमी झाली का? (सातारा)

कमी झालेली नाही, सराव सुटला आहे. प्रवाशांच्या जुलाबांत ई. कोलाय जिवाणूची एक विषारी जात फार वेळा सापडते. तिची विषे दोन. एक आकाराने मोठे, कॉलऱ्याच्या विषाचे सख्खे भावंड म्हणावे इतके सारखे. त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी चांगल्या तयार होतात. दुसरे मात्र जेमतेम १८-१९ अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या तेवढ्याच मण्यांचे. एवढीशी वस्तू शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेतच भरत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी जवळपास बनतच नाहीत.

तुमची आणि या जिवाणूंची गाठ लहानपणापासून पडत आली आहे. आतड्याच्या अस्तरातून रोज काही ग्रॅम आयजीए नावाच्या प्रकारची अँटिबॉडी पाझरत असते. घरी राहणाऱ्यांचा हा साठा पुन्हापुन्हा ताजा होतो, दूर गेलेल्यांचा ओसरतो. त्याला पाणी उकळलेले द्या. पाणीपुरीचा हट्ट असेल तर घरी करा.

प्रश्न : कॉलऱ्यात जुलाब होतात ते विषामुळे. मग आपल्याकडच्या तोंडावाटे देण्याच्या लशीत त्या विषाचा अंश का नसतो? धनुर्वाताची लस तर निकामी केलेल्या विषाचीच असते ना? (विद्यार्थिनी, मिरज)

फार नेमका प्रश्न. कॉलऱ्याला विष कारण आहे हे सिद्ध झाले ते कोलकात्यात. तिथले संशोधक शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्यात जिवाणू गाळून काढलेला द्रव टोचला. जिवाणू एकही नाही, तरी बांधलेला तुकडा पाण्याने टम्म फुगला. हा शोधनिबंध १९५९ चा. आमच्याकडे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडत. डे यांनी तिच्या कोपाचे कारण एका बांधलेल्या आतड्यात दाखवून दिले, असे मी वर्गात सांगायचो.

या विषाला पाच भागांची बैठक असते. ती आतड्याच्या पेशीला चिकटते आणि वरचा सहावा भाग आत शिरून पेशीकडून पाणी आणि क्षार ओतवून घेतो. अँटिबॉडीला जे करायचे ते विष चिकटण्याआधी. एकदा ते पेशीत शिरले की बाहेरची अँटिबॉडी नुसती बघत राहते.

धनुर्वाताचे विष जखमेतून शरीरात पसरते, तिथे रक्तातली अँटिबॉडी त्याला गाठते. कॉलऱ्याचे विष रक्तात येतच नाही, आतड्याच्या पोकळीतून काम उरकते. म्हणून १९७० च्या दशकात निकामी केलेल्या विषाचे इंजेक्शन देऊन पाहिले, त्याने फारसे साधले नाही. मग १९८५ मध्ये बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात तोंडावाटे दोन लशी दिल्या गेल्या : एकीत फक्त मेलेले जिवाणू, दुसरीत त्यांच्याबरोबर विषाची ती बैठकही. पहिल्या सहा महिन्यांत बैठकवालीने ८५ टक्के संरक्षण दिले, साधीने ५८. तीन वर्षांचा हिशेब केला तर दोन्ही ५० टक्क्यांच्या आसपास. विषाविरुद्धची अँटिबॉडी जोरात येते आणि लवकर विरते. टिकतो तो जिवाणूच्या आवरणाविरुद्धचा प्रतिकार. शिवाय बैठक जठरातल्या आम्लात टिकत नाही, तिच्यासाठी खाण्याच्या सोड्याचे पाणी वेगळे प्यावे लागते. हैदराबादेत बनलेल्या आणि २००९ मध्ये परवाना मिळालेल्या लशीतून ती वगळली, तरी कोलकात्यातल्या चाचणीत पाच वर्षांचे संरक्षण ६५ टक्के भरले. स्वस्त आणि द्यायला सोपी लस हवी असेल तर हा व्यवहार मला पटतो.

प्रश्न : सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर बरीच अँटिबायोटिक्स झाली. मग जुलाब लागले, तपासणीत सी. डिफिसिल निघाले. औषधाने थांबले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू. त्यांची अँटिबॉडी तपासून घ्यावी का? (ठाणे)

सी. डिफिसिल हा अँटिबायोटिक्सनंतर आतड्यात माजणारा जिवाणू. त्याची विषे दोन, ए आणि बी. गंमत अशी की पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तात दोन्हींविरुद्ध अँटिबॉडी आधीच असतात. रुग्णालयात हा जिवाणू पोटात घेऊन फिरणारे, पण एकही जुलाब न झालेले लोक असतात. त्यांच्या रक्तात ए विषाविरुद्धची अँटिबॉडी जास्त असल्याचे २००० साली दिसले. म्हणजे तिने जिवाणूला हुसकावले नव्हते, त्याचे दात काढून घेतले होते. ज्यांना ही अँटिबॉडी नीट बनवता येत नाही त्यांना आजार उलटतो. वयस्करांमध्ये हे जास्त.

यावरून बाहेर बनवलेली अँटिबॉडी शिरेतून देण्याची कल्पना निघाली. आधीचे संशोधन ए विषावर, पण चाचण्यांमध्ये उपयोग झाला तो बी विषाविरुद्धच्या अँटिबॉडीचा. आजार उलटण्याचे प्रमाण एका चाचणीत २८ टक्क्यांवरून १७ वर आले. अमेरिकेत २०१६ मध्ये तिला मान्यता मिळाली. २०२५ च्या जानेवारीत उत्पादकाने ती बंदही केली.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर : तपासू नका. ही चाचणी संशोधनातली आहे, तिच्या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत. चालू असलेले प्रत्येक अँटिबायोटिक खरेच लागते का, हे डॉक्टरांना विचारा. आणि हात साबण-पाण्यानेच धुवा. या जिवाणूचे बीजाणू सॅनिटायझरला भीक घालत नाहीत.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचे आहे, जुलाब होताहेत. घरातले म्हणतात अंगावरचे दूध थोडे दिवस बंद कर. (नाशिक)

बंद करू नका. ओआरएस द्या, झिंकसाठी डॉक्टरांना दाखवा आणि पाजत राहा. बांगलादेशात १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या आयांच्या दुधात कॉलऱ्याविरुद्ध अँटिबॉडी जास्त होत्या त्यांच्या मुलांच्या पोटात जिवाणू शिरला तरी आजार कमी झाला. बाळ मलूल दिसले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर मात्र वाट बघू नका.

प्रश्न : माझी विडाल टेस्ट दर वर्षी पॉझिटिव्ह येते. टायफॉइडचे विष अंगात साठले आहे का? (लातूर)

नाही. विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ततपासणी. ती विष मोजतच नाही. जिवाणूच्या आवरणाविरुद्ध आणि शेपटीविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी मोजते. त्या जुन्या संसर्गाच्या असू शकतात, लशीच्या असू शकतात, भलत्याच जिवाणूमुळेही उमटू शकतात. ताप नसताना ही टेस्ट करू नका. ताप असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करा.